शहागंजचे घड्याळ दुरुस्त झाले, बाजाराचे काय?

शहागंजच्या चौकातील निजामकालीन घड्याळाचा मनोरा काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटी योजनेतून दुरुस्त झाला. शहराचा वारसा जपला गेला, याचा आम्हालाही आनंद आहे. परंतु त्याच मनोऱ्याच्या सावलीत गाडा लावणाऱ्या फळवाल्याला, पथारी पसरणाऱ्या कापडवाल्याला उद्या आपली जागा राहील की नाही, याची शाश्वती नाही. दगडाचा वारसा जपायचा आणि ज्या माणसांमुळे बाजार उभा राहिला त्यांना मात्र अतिक्रमण म्हणायचे, हा कुठला न्याय?

आजचे छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर असले तरी त्याची घडण बंदराच्या शहरासारखीच झाली आहे. १६१० मध्ये खडकी वसविणारा मलिक अंबर समुद्रापलीकडच्या हबशाणातून आलेला. मोगल काळात सुरत बंदरातून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी मार्ग याच शहरातून जात असे. मालाबरोबर माणसेही आली आणि राहिली. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे राजपूत सरदारांची, तर रेशीम आणि सूत एकत्र विणणारे हिमरू व मशरू ही येथल्या कारागिरांची ओळख.

ही सरमिसळ शहागंजात आजही दिसते. इकडे जुनी मशीद, थोड्या अंतरावर राजाबाजारातील संस्थान गणपती, तेथेच जैन मंदिर आणि शेजारी सराफा. रमजानच्या खरेदीत सर्व समाजांच्या दुकानदारांचा गल्ला भरतो, आणि गणेशोत्सवात आमच्या गाडेवाल्यांचीही चार पैशांची कमाई होते. घाऊक माल देणारा एका समाजाचा, विकणारा दुसऱ्या आणि घेणारा तिसऱ्या, असाच हा बाजार चालत आला आहे.

११ मे २०१८ च्या रात्री या विश्वासाला तडा गेला. मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार भागात दंगल उसळली. दोन जीव गेले, दुकाने आणि वाहने जळाली. दुकान जळते तेव्हा उधारीची वहीही जळते, आणि त्या वहीत सर्वच समाजांची नावे असतात. नुकसान एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, असे बाजारात कधी होत नाही. गिऱ्हाईक एकदा घाबरले की ते मॉलकडे वळते आणि परत येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, या बाजाराचे रक्षण सर्वांनी मिळून कायद्याच्या मार्गाने करावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात मोठी सोय आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते जेथे धंदा करीत आहेत, असे बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या परिशिष्टातच म्हटले आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठविता येत नाही. जप्त केलेल्या मालाची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत सोडावा लागतो. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, असा नियम आहे. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

काही दुकानदार बंधू म्हणतील की, गाड्यांमुळे आमच्या दुकानाची वाट अडते. ही तक्रार खोटी नाही. आपणही दोन फूट म्हणत चार फूट पुढे सरकतो, रस्त्याचा हक्क अदा करीत नाही. ही चूक सुधारलीच पाहिजे. पण गाड्यांवरची गर्दी हटली तर दुकानाची पायरी चढणार कोण, याचाही विचार व्हावा.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, जुन्या पावत्या, परवाने, फोटो जपून ठेवा. उद्या तोच पुरावा ठरेल. दुकानाचा विमा घेताना त्यात दंगलीचे नुकसान धरले आहे की नाही, ते वाचून पाहा. आणि वारसा बाजाराचा अर्ज एकट्याने, एका समाजाच्या नावाने करू नका. त्या अर्जावर सराफ्याची, राजाबाजाराची आणि गाडेवाल्यांची सही एकाखाली एक असावी. शहागंज ज्या रीतीने वसले, त्याच रीतीने ते वाचेल.