सीबीसी नॉर्मल, म्हणून निर्धास्त?



क्लोरॅम्फेनिकॉल घेताना अधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली की रक्ताला धोका नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हे औषध अस्थिमज्जेला दोन तऱ्हांनी इजा करते. पहिली मात्रेवर अवलंबून असते. मज्जेतील पेशींच्या मायटोकाँड्रियांत प्रथिने बनणे मंदावते, पेशींची संख्या घटते. औषध थांबवले की बहुधा सावरते. ही सीबीसीत दिसते. दुसरी म्हणजे अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. त्यात मज्जा रक्तपेशी बनवणेच जवळजवळ थांबवते. तो मात्रा वगैरे जुमानत नाही. हजारोंत एखाद्यालाच गाठतो, पण गाठतो तो बरेचदा औषध संपल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर नॉर्मल रिपोर्ट कपाटात गेलेला असतो!

1949 मध्ये बाजारात आलेल्या या औषधाने विषमज्वराचे असंख्य रोगी वाचवले, हे मान्यच. पण घसा धरला म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून ते आणणे, याला कसला आधार? आणि गोळ्या संपून महिना उलटला तरी हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग किंवा न हटणारा ताप दिसला, तर त्या गोळ्यांचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सांगली