पडदा पाडण्यात नामुष्की कसली?

दुर्गोत्सव आला की आपल्या यवतमाळात हौशी नटमंडळींची धांदल उडते. रंगमंचावर जाण्याआधी छाती धडधडणे, घशाला कोरड पडणे, तळव्यांना घाम सुटणे हा आजार नव्हे. अ‍ॅड्रेनलिन नावाच्या संप्रेरकाचा तो प्रताप. मुरलेल्या नटालाही तो चुकत नाही. संथ श्वास घ्यावा, घोटभर पाणी प्यावे. दारू नको, आणि दुसऱ्याची धडधडीवरची गोळी तर नकोच. दमेकऱ्याला ती घातक ठरू शकते.

मात्र याच भरात खरे दुखणेही जाणवत नाही. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना बाळंत होऊन पुन्हा फडावर आल्या, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. डॉ. काशिनाथ घाणेकर १९८६ साली नाट्यदौऱ्यावर असताना शेजारच्या अमरावतीत हृदयविकाराने गेले, हेही स्मरावे.

म्हणून वाचकहो, माझे मत स्पष्ट आहे. छातीवर दडपण, हातात वा जबड्यात कळ, थंड घाम यांपैकी काही जाणवले की प्रयोग तिथेच थांबवावा आणि दवाखाना गाठावा. प्रेक्षकांनीही शिट्ट्या न मारता मुकाट्याने उठावे. नाटक उद्याही करता येईल, त्यासाठी नट जगला पाहिजे.