चेटकिणीला कोणता रंग द्यावा?

दिवाळीची सुट्टी आली की घरोघरी रंगभरणाच्या वह्या निघतात. अलीकडे त्यांत पणती, मोर व आकाशकंदील यांच्या शेजारी टोकदार टोपीची, झाडूवर बसलेली चेटकीणही दिसते. ३१ ऑक्टोबरचा पाश्चात्त्य हॅलोविन दिवाळीच्या आसपासच येतो. असे चित्र मुलांच्या हाती द्यावे का, असा प्रश्न आजी-आजोबांना पडणे स्वाभाविक आहे.

द्यायला हरकत नाही. मराठी मुलांना चेटकीण परकी नाही. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी व अलीकडे वैभव मांगले यांनी रंगविली. मुले तिला घाबरतात आणि लगेच खळखळून हसतात. भीतीवर हसता येणे हेही एक शिक्षणच आहे.

मात्र वय पाहावे. तीन ते पाच वर्षांच्या बालकांना जाड रेघांचे, मोठ्या आकारांचे व हसऱ्या चेहऱ्याचे चित्र आणि मेणाचे खडू द्यावेत. रंग रेघेबाहेर गेला तरी टोकू नये. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना मांजर, कढई, चांदणे असे तपशील आवडतात. त्यांना चित्रावरून गोष्ट सांगायला लावावी. झाडू रंगविताना, लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू का वाहतो, हेही सांगावे. एकच वस्तू एका देशात भयाची, तर दुसऱ्या देशात लक्ष्मीची खूण ठरते, हे मुलांना लगेच उमगते.

नऊ वर्षांपुढील मुलांना कोरा कागद द्यावा आणि विचारावे, ‘चेटकीण नेहमी म्हातारी, कुबडी व एकटीच का काढतात?’ हा प्रश्न खेळापुरता नाही. आपल्याच राज्यात नंदुरबारच्या सातपुडा भागात ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ झाला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला त्रास देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे.

बँकेत कोणाच्या खात्यावर प्रतिकूल शेरा मारण्यापूर्वी कागद तपासावा लागतो. माणसाच्या नावावर शेरा मारताना तर अधिकच जपायला हवे. वाणीनेही हिंसा घडते, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. तरीही गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धेला मुले ‘चेटकीण’ म्हणून चिडवतात आणि मोठी माणसे हसून सोडून देतात.

म्हणून या सुट्टीत चेटकीण खुशाल रंगवू द्या. हिरवी, जांभळी, हवी तशी. ती कागदावरचीच आहे, एवढे मात्र मुलांच्या शेजारी बसून सांगा. आणि फराळाचे एक ताट त्या एकट्या आजींकडे मुलांच्याच हाती पाठवा.