चौथ्या दिवशीही तेच पान

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा डायलॉग आम्ही परभणीकर पुण्यातल्या प्रत्येक पार्टीत एकदा तरी टाकतोच. पण जर्मनीत हर्नहुट नावाचं एक छोटं गाव खरंच आहे. तिथली मोरावियन मंडळी चिठ्ठ्या काढून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी बायबलमधलं एक वचन ठरवतात आणि त्याचं पुस्तक छापतात. १७३१ पासून! दिवसाला एक वचन. बस्स.

मला कुठलं एवढ्यावर भागायला? जानेवारीत मोबाइलवर ‘वर्षात संपूर्ण बायबल’ असा प्लॅन घेतला. प्रोटेस्टंट बायबलचे अध्याय ११८९, रोज तीन-चार वाचले की डिसेंबरात काम फत्ते. उत्पत्ती झकास जातं. दुष्काळ, भाऊबंदकी, सख्ख्या भावाला विकणं, एकदम डेली सोप. निर्गमही बरंचसं निभावतं. फेब्रुवारीच्या आसपास लेवीय लागतं, अर्पणांचे आणि त्वचारोगांचे नियम सुरू होतात आणि भल्याभल्यांची गाडी तिथंच बंद पडते. माझी नाही पडली. शिवाजीनगरच्या सिग्नलला अॅप उघडायचं, सर्रकन स्क्रोल करायचं, टिक मारायची. एकेचाळीस दिवसांची स्ट्रीक! काय वाचलं ते विचारू नका.

तेवढ्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर वाचायला बंदी. वर्क फ्रॉम होम घेऊन मी परभणी गाठली. पहाटे उठून एक पान वाचणं हा आजीचा वर्षानुवर्षांचा नेम, तो आता माझ्याकडे आला. खूण मत्तयच्या पाचव्या अध्यायात होती. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं सांगणारी ती जागा. आजी म्हणाली, “थांब.” डोळ्यावर काळा चष्मा, त्यामुळं चेहरा कळेना.

दुसऱ्या दिवशी, “कालचंच वाच.” तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी माझा पेशन्स संपला. “आजी, अशानं तुझं बायबल कधी संपणार?”

“तुला काहून घाई होऊ लागली माय? दळण कधी संपतंय का? गंगाखेडच्या जनीचं संपलं होतं का?” (संत जनाबाई आमच्या जिल्ह्याच्या. त्यामुळं ख्रिस्ती आजीसुद्धा हक्कानं दाखला देते.)

मग हळूच म्हणाली, “पूर्णेला जायची गाडी किती वाजता हाय?”

पूर्णेला तिची धाकटी बहीण राहते. अकरा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. कारण काय, तर आईच्या पाटल्या. घरात हा विषय कुणी काढायचा नाही असा अलिखित नियम. म्हणजे ह्या बाई चार दिवस एका वाक्यापाशी नुसत्या बसल्या नव्हत्या तर!

परभणी-पूर्णा प्रवास तो केवढा, पण आजीनं सगळा वेळ पिशवीचे बंद पिळले. दार धाकटीनंच उघडलं. मिनिटभर दोघी नुसत्या उभ्या. मग धाकटी म्हणाली, “डोळ्याला काय झालं गं अक्का?” पाटल्यांचं नाव निघालं नाही. प्रश्न सुटला असं काही मी म्हणणार नाही, निघताना दोघी पुन्हा जरा अवघडल्याच होत्या. पण पिठलं-भाकरी झाली.

त्या गडबडीत माझी स्ट्रीक तुटली.

पुण्याला परतताना दौंड गेलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं केडगाव. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. वर्षानुवर्षं तेच काम. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली तिथल्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते बाहेर आलं. आणि मी ते सिग्नलला उरकत होते.

नाताळपासून दादाशी माझं बोलणं बंद आहे. कारण पाटल्यांपेक्षाही फालतू. दौंडला ‘जेवलास का?’ टाइप केलं, खोडलं, परत केलं. शेवटी पाठवलं. केडगाव मागं पडलं तरी निळी टिक आली नव्हती.