विज्ञान प्रदर्शन थर्माकोलचे नको, मोहल्ल्याचे हवे

काही वर्षांपूर्वी मालेगावच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवतो, म्हणून मला बोलावले होते. हॉलमध्ये तीसेक टेबले मांडलेली. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी होता, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी होता आणि मधोमध थर्माकोलची भली मोठी 'स्मार्ट सिटी' होती. तिच्यात दिवे लागत होते, रस्त्यावर खेळण्यातल्या गाड्या होत्या.

अगदी शेवटच्या टेबलावर आठवीतला एक मुलगा लाकडी चौकट घेऊन उभा होता. चौकटीत दहा-बारा धागे ताणलेले आणि प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी अडकवलेली. शेजारी छोटी मोटर फिरत होती. त्याने ब्लेडने एक धागा कापला. त्या धाग्यावरची पट्टी खालच्या दोन तारांवर पडली, सर्किट पूर्ण झाले, रिले खट्‌कन वाजला आणि मोटर थांबली. तो एवढेच म्हणाला, "सर, धागा टूटा तो लूम बंद."

मी विचारले, "यात नवीन काय आहे? ऑटोमॅटिक लूमवर हे असतेच." त्याच्याकडे उत्तर नव्हते. तो खाली बघत राहिला. मी मार्क लिहिले आणि पुढे गेलो. पहिला नंबर स्मार्ट सिटीला गेला.

नंतर चहा पिताना एक शिक्षक सहज म्हणाले, त्या मुलाचे वडील साध्या लूमवर काम करतात. एक माणूस एकाच वेळी अनेक लूम सांभाळतो. एखाद्या लूमवर ताण्याचा धागा तुटला आणि लगेच लक्षात आले नाही, तर कापडात रेघ पडत जाते. माल खराब निघाला की मजुरी कापली जाते. मुलाने घरात हेच भांडण ऐकले होते. भंगारातून रिले आणि मोटर शोधून त्याने ही चौकट बनवली होती.

आता खरी गोष्ट सांगतो. मी स्वतः याच शहरात वाढलो. माझे अब्बा रात्रपाळीला लूम चालवायचे. त्या हॉलमध्ये त्या मुलाचा प्रकल्प समजण्याची सगळ्यात जास्त लायकी माझी होती आणि मीच तो ओळखला नाही. तो पुढे काय शिकला, शिकला की नाही, मला ठाऊक नाही. ही बोच अजून गेलेली नाही.

म्हणून आज हे लिहितो आहे. मुलांनी विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे वळावे असे आपण सगळेच म्हणतो. त्यासाठी प्रकल्प स्पर्धा हा चांगला रस्ता आहे, हेही खरे. पण स्पर्धा कोणत्या कामाला बक्षीस देते, त्यावर मुले काय शिकतात ते ठरते. आपण सजावटीला बक्षीस दिले, तर मुले सजावट शिकतील. आपल्या मोहल्ल्यातल्या अडचणीवर केलेल्या कच्च्या, अर्धवट पण स्वतःच्या कामाला बक्षीस दिले, तर त्यातून इंजिनिअर घडतील.

आपल्या वस्त्यांकडे एकदा नीट बघा. मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग आहेत, कुर्ल्यात गॅरेज आणि भंगाराची दुकाने आहेत. गावोगावी वेल्डर, फिटर, मोटर रिवाइंडिंग करणारे आणि मोबाईल दुरुस्त करणारे आपलेच भाऊ आहेत. जळालेली मोटर उघडून, तारेचे वेढे मोजून पुन्हा भरणारा मिस्त्री जे करतो, ते माझ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षाला शिकवावे लागते. हातात एवढे ज्ञान असलेल्या समाजाची मुले मात्र इंजिनिअरिंगच्या वर्गात कमी दिसतात. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर 25 विद्यार्थ्यांत एकच मुस्लिम होता. अहवाल जुना झाला, पण आठवी-नववीनंतर कामाला लागणारी मुले मला आजही दिसतात.

गरिबी हे त्याचे मोठे कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण आणखी एक कारण आहे. मुलाला शाळा आणि कारखाना ही दोन वेगळी जगे वाटतात. शाळेतले विज्ञान पुस्तकात असते आणि परीक्षेपुरते असते. कारखान्यातले काम पोटासाठी असते आणि त्याला कोणी विज्ञान म्हणत नाही. या दोन जगांत पूल बांधायचा तर शालेय प्रकल्पासारखे स्वस्त साधन दुसरे नाही.

त्या मुलाच्याच चौकटीचे उदाहरण घ्या. मी 'नवीन काय' विचारण्याऐवजी दुसरे प्रश्न विचारायला हवे होते. पन्नास वेळा धागा तोडला, तर किती वेळा मोटर थांबली? पट्टीचे वजन किती ठेवले? पट्टी फार हलकी असेल तर ती अडकून राहील, फार जड असेल तर तिच्याच वजनाने कच्चा धागा तुटेल. लूमच्या खोलीत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. ते तारांवर साचले तर सर्किट जुळणार नाही, मग काय करायचे? या प्रश्नांत भौतिकशास्त्र आहे, मोजमाप आहे, डिझाइन आहे. आठवीच्या मुलाने यातला एक प्रश्न जरी महिनाभर धरून ठेवला, वहीत आकडे लिहिले, दोनदा चौकट मोडून पुन्हा बांधली, तर त्याला विज्ञान म्हणजे काय हे कळले. नवीन शोध लावणे हे आठवीच्या मुलाचे काम नाही. प्रश्न स्वतः शोधणे आणि उत्तर तपासून बघणे हे त्याचे काम आहे.

आपल्याकडे भाषणांत इब्न अल-हैसम आणि अल-जझरी यांची नावे हमखास येतात. अभिमान असायलाच हवा. पण त्यांनी काय केले, तेही बघू. इब्न अल-हैसमने अंधाऱ्या खोलीत भोकातून येणारा प्रकाश तपासला, ऐकीव गोष्टीवर विसंबला नाही. अल-जझरीने 1206 साली पाणी उपसण्याच्या यंत्रांवर आणि घड्याळांवर पुस्तक पूर्ण केले, तेव्हा ती यंत्रे स्वतः बनवणारा तो कारागीर होता. आज तो आपल्या मोहल्ल्यात असता, तर त्याला कदाचित आपण 'मिस्त्री' म्हणून हाक मारली असती. त्यांचे पोस्टर लावून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. त्यांच्यासारखे हात काळे करावे लागतात.

डॉ. अब्दुल कलामांचेही तसेच. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो असतोच. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकताना त्यांच्या गटाला विमानाच्या डिझाइनचा प्रकल्प होता. काम पाहून प्राध्यापक नाराज झाले. कलामांनी महिनाभराची मुदत मागितली, मिळाले तीन दिवस, आणि काम झाले नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल अशी तंबीही मिळाली. हा किस्सा आपण मेहनतीचा म्हणून सांगतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. ते प्राध्यापक काम बघायला पुन्हा आले. चूक दाखवणारा आणि नंतर परत येऊन बघणारा मोठा माणूस प्रत्येक मुलाला मिळायला हवा. मी त्या मुलाची चूक दाखवली, परत मात्र गेलो नाही.

काही पालक म्हणतील, प्रकल्पाने पोट भरत नाही, सीईटीला मार्क लागतात. बरोबर आहे. प्रकल्पाचे प्रमाणपत्र सीईटीत एक मार्कही वाढवत नाही. पण गणित का शिकायचे याचे कारण मुलाला सापडले, तर तो गणिताला टिकतो. आणि सगळ्यांना बारावी-सीईटीचाच रस्ता धरावा लागत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलासाठी हा चांगला रस्ता आहे. कितीतरी घरांत तो माहीतच नसतो.

मग करायचे काय? आधी आहे त्या संधी वापरू. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर-मानक' योजना आहे. सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना शाळेने ऑनलाइन पाठवायच्या असतात आणि निवड झालेल्या मुलाला प्रकल्पासाठी 10,000 रुपये मिळतात. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर प्रदर्शन होते. मुलाला एकट्याला हा अर्ज करता येत नाही, शाळेलाच करावा लागतो. म्हणून आपल्या भागातल्या शाळेने नोंदणी केली का, एवढे विचारले तरी मोठे काम होते. 1993 पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत तर आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करणे हाच पाया होता. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधनही करावे लागते. नीती आयोगाने 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, त्यासाठी शाळेला 20 लाखांपर्यंत निधी मिळतो. आपल्या शाळेने कधी अर्ज केला होता का? लॅब असेल, तर तिचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? महापालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे प्रश्न तिथे मांडायचे.

दुसरे, प्रदर्शनाचे नियम बदलू. बाजारातून आणलेल्या तयार मॉडेलला मार्क नकोत. प्रत्येक मुलाकडे एक वही हवी, त्यात काय केले, काय बिघडले, काय मोजले ते तारखेनिशी लिहिलेले असावे. अर्धे मार्क वहीला द्या. मुलाला घरच्या भाषेत बोलू द्या. उर्दूत विचार करणाऱ्या मुलाला इंग्रजी पाठ करायला लावले, की तो पोपट होतो. मुलींना फक्त चार्ट रंगवायला बसवू नका, सोल्डरिंगची कावी त्यांच्या हातात द्या. आणि परीक्षकांत एक तरी मिस्त्री बसवा. प्राध्यापकाला जे दिसत नाही, ते त्याला दिसते. मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

तिसरे, प्रदर्शन संपल्यावर काम संपू नये. बक्षीस एकालाच मिळते, बाकीची मुले सहभागाचे प्रमाणपत्र घेऊन घरी जातात आणि मॉडेल माळ्यावर पडते. आठवड्याभराने प्रत्येक मुलाला बोलावून विचारायचे, "आता यात पुढे काय करशील?" या एका प्रश्नाला पैसे लागत नाहीत.

तुमच्यापैकी जे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करत आहेत, त्यांच्याकडे माझी थेट मागणी आहे. या वर्षी चार रविवार द्या. मोहल्ल्यातली एक शाळा निवडा आणि आठवी-नववीची दहा मुले गोळा करा. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर, एक सोल्डरिंग गन, थोडी वायर आणि बॅटरी एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचे भंगारात मिळते. पहिल्या रविवारी काहीच बनवू नका. मुलांना घेऊन लूमच्या खोलीत, बेकरीत, गॅरेजमध्ये जा आणि तिथल्या माणसांना विचारा, "तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?" लूमच्या आवाजाने कानाला काय होते, बेकरीच्या भट्टीची उष्णता कुठे वाया जाते, नळाला पाणी रात्री कधी येते हे झोपेतून न उठता कसे कळेल, असे प्रश्न तिथेच मिळतील. उरलेल्या तीन रविवारी त्यातल्या एकावर काम करा. जमले नाही तरी चालेल, का जमले नाही ते वहीत लिहून घ्या.

मीही हे सुरू केले आहे. आता कुठेही परीक्षक म्हणून बोलावले की मी शेवटच्या टेबलापासून सुरुवात करतो आणि पहिला प्रश्न एकच विचारतो, "हे तू कोणासाठी बनवलेस?" त्या दिवशी हा प्रश्न विचारला असता, तर तो मुलगा म्हणाला असता, "अब्बांसाठी."