खोडशी ते ओगलेवाडी : कॅनॉलच्या काठाने

रविवारची सुट्टी म्हणजे आम्हा कारकून मंडळींचा सण. परवाच्या रविवारी वस्तीतील चार कुटुंबे भाकरी-चटणी बांधून कराडजवळच्या खोडशीला गेलो. तेथे कृष्णेवर इंग्रजांच्या काळातील बंधारा आहे. १८६० च्या दशकात तो बांधला आणि तेथूनच डाव्या तीराने कृष्णा कॅनॉल निघाला. बंधाऱ्याजवळ मुलांना थोडे खेळू दिले आणि मग कॅनॉलच्या भरावावरून ओगलेवाडीकडे चालू लागलो.

वाचकहो, ही वाट फार सोपी आहे. पाणी आपल्या उताराने वाहावे म्हणून कॅनॉल नदीपेक्षा कमी उताराने काढतात. त्यामुळे काठाने चालणाऱ्याला चढ असा लागतच नाही. गुडघे दुखणाऱ्या आमच्या आत्याबाई सर्वांच्या पुढे होत्या! उजव्या हाताला नदीच्या बाजूने ऊस, डावीकडे पुढे सदाशिवगडाचा डोंगर, बाभळीच्या सावल्या आणि ठिकठिकाणी कॅनॉलात सोडलेले मोटारींचे पाईप. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटली की कॅनॉलही आटे. पुढे वाईजवळ धोम आणि वेण्णेवर कण्हेर ही धरणे झाली, तेव्हा वरून पाणी सोडण्याची सोय झाली.

सैदापूर जवळ आले तसा मुलांनी तहानेचा धोशा लावला. बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हा सावलीला बसवून आम्ही त्यांना मसूरची हकीकत सांगितली. मसूर येथून काही मैलांवरच, कराडच्या अलीकडचे रेल्वे स्टेशन.

१९०१ साली रामजी बाबा खटाव तालुक्यातील गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळाने लोक मरत होते, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढला होता. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूरला उतरले. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले आणि कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी एकाने दुप्पट भाडे घेतले, गाडी मुलांनाच हाकायला लावली आणि आपण पायी चालला. जवळ खाण्याचे डबे होते, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही थेंब मिळाला नाही. पोरे रात्रभर उपाशी राहिली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे सारे लिहून ठेवले आहे. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे त्याच वाटेवर तहानलेली! हा कॅनॉल तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ वाहत होता. आणि तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात देशाच्या पाटबंधाऱ्यांचे खाते सांभाळीत होते.

आमची धाकटी म्हणाली, "मग त्यांनी खोटं का सांगितलं?" आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही.

पुढे एका मोटारीजवळ खोपटात एक म्हातारबाबा बसले होते. शेजारी माठ. आम्ही पाणी मागितले. "पाव्हणं कुठलं? आडनाव काय म्हणायचं?" या प्रश्नाचा अर्थ आमच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही काही बोलण्याआधीच धाकटीने गाव, आडनाव सगळे खणखणीत सांगून टाकले. बाबा क्षणभर थांबले. मग तांब्या बुडवून त्यांनी तो तिच्या हातात दिला.

बोलता बोलता कळले की मोटार मालकाची, ऊसही मालकाचा. बाबा रात्रपाळीला राखणीवर. स्वतःची गुंठाभर जमीन नाही, म्हणून कॅनॉलच्या पाण्याच्या अर्जावर त्यांचे नाव कधीच चढले नाही. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्था आल्या, पण त्यांतही सभासद जमीनधारकच. आमच्या समाजातील किती घरांची हीच गत आहे! आमच्या आजोबांनीही दुष्काळी कामावर माती वाहिली. त्यांच्या वाट्याला मजुरी आली, पाण्याची पाळी आली नाही.

हाच कॅनॉल पुढे शेणोलीवरून सांगली जिल्ह्यात शिरतो. त्या जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळेवर १९८० च्या दशकात लोकांनी स्वतः बळीराजा धरण उभारले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला होता. हे आम्ही बाबांना सांगितले. ते म्हणाले, "जमीन नसलेल्यानं पाणी घेऊन करायचं काय?" आम्ही म्हणालो, "खंडानं रान घेऊन पिकवायचं." यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर गाव नेमके कोठे, एस.टी. कोठून मिळते, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.

ओगलेवाडीच्या स्टेशनवर भाकऱ्या सोडल्या तेव्हा साडेबारा झाले होते. पुढच्या महिन्यात मसूर ते गोरेगाव असे जायचे ठरले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाणी भरपूर घ्यावे. आणि कॅनॉलला पाणी सोडलेले असेल तेव्हा काठाने चालताना लहान मुलांचा हात सोडू नये. धार वरून दिसते तितकी संथ नसते.