शाई वहीबाहेर येते तेव्हा

व्यापारी घराची शाईशी ओळख पिढ्यांची असते. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होते. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथांबरोबर दौत-लेखणीही पाटावर येते. दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुताची पूजा होते. तरीही त्या शाईने एखादे चित्र काढावे, हे बहुधा दुकान मुलांच्या हाती सोपविल्यावरच सुचते. गुलमंडीवरील एखादे गृहस्थ साठीनंतर जलरंगांची पेटी घरी आणतात आणि नातवंडांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून दौलताबादचा डोंगर रेखाटावयास बसतात.

जलरंगात उजेड कागदाचा असतो. जिथे पांढरे हवे तिथे कागद कोरा राखावा लागतो, म्हणून फिक्याकडून गडदाकडे जावयाचे. शाईची शिस्त मात्र वहीवाल्याच्या अंगवळणी असते. वहीत चुकलेली रक्कम खोडीत नाहीत, उलट नोंद करतात. चित्रात ती सोय नाही. शाईची रेषा आधी काढून पूर्ण वाळू द्यावी, मग रंग भरावा. शाई जलरोधक नसेल तर पाणी लागताच रेषा पसरते आणि किल्ल्याचा ढग होतो.

परंतु जैन गृहस्थाचा खरा प्रश्न दुकानातच उभा राहतो. कुंचला कोणाच्या केसांचा? मुंगसाच्या केसांचे कुंचले बाळगणे वा विकणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, तरी असे साठे वेळोवेळी पकडले जातात. 'सेबल' आणि 'स्क्विरल' हीही प्राण्यांचीच नावे. मूळ सेपिया माकूळ या सागरी जीवाच्या शाईचा, कार्माइन कोचिनील किड्याचा. 'आयव्हरी ब्लॅक' आज जाळलेल्या हाडांपासून होतो. नळीवर 'पीबीके ९' असे लिहिले असेल तर तो घेऊ नये. कित्येक जलरोधक शायांत लाख असते, कित्येक उंची कागदांना जिलेटिनची खळ असते. कापडाचा पोत चिमटीत ओळखणाऱ्याने एवढी चौकशी करण्यात संकोच कसला?

पूर्वजांचा दाखला येथे पुरता उपयोगी पडत नाही. कल्पसूत्राच्या पोथ्यांची शाई काजळ व डिंकाची, ती निर्दोष. पण भारतीय लघुचित्रकार बारीक कामासाठी खारीच्या शेपटीचे केस वापरीत, हेही खरे. वेरूळच्या ३२व्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्याच्या छतावर रंग अजून अंशतः टिकून आहेत. ते कोणत्या कुंचल्याने लावले, हे तो दगड सांगत नाही. आजच्या माणसाला मात्र निवड करता येते. नायलॉनचा कुंचला केसाळ कुंचल्याइतके पाणी धरत नाही, वारंवार बुडवावा लागतो. पहिल्या महिन्यात हे जाचते, पुढे हात जमवून घेतो. काळ्यासाठी 'लॅम्प ब्लॅक' आहे, म्हणजे पोथ्यांचेच काजळ, आणि जलरंगाला बांधणारा डिंकही बाभळीच्या कुळातला. कागदासाठी दौलताबादजवळचे कागजीपुरा गाठावे. तेथे हातकागदाची जुनी परंपरा आहे. खळ कशाची, ते तेथेही विचारावे.

राहता राहिले पाणी. वाटीत गाळलेले घ्यावे, चित्र दिवसाउजेडी आटोपावे आणि गढूळ पाणी रात्रभर तसेच न ठेवता सूर्यास्तापूर्वी वाटी धुऊन पालथी घालावी.